कलाकृतींनी सजलेल्या बुटीक हॉटेलात खोली घेताना

अशा छोट्या, खास शैलीच्या हॉटेलांत अनेकदा प्रत्येक खोली वेगळी असते, आणि वेबसाइटवर झळकते ती बहुधा त्यातली सर्वांत देखणी. म्हणून बुकिंगआधी फोन करून थेट विचारा: मला मिळणारी खोली किती चौरस फूट, खिडकी कुठे उघडते, खाली बार आहे का? बाथरूमची भिंत काचेची आहे का, हेही विचारून घ्या. आईवडिलांना सोबत नेणार असाल तर नक्कीच!

खोलीत शिरल्यावर सामान टेकवण्याआधी एक फेरी मारून मोबाइलवर व्हिडिओ काढा. चित्राच्या चौकटीचा उडालेला टवका, मातीच्या शिल्पाला आधीच गेलेला बारीक तडा दिसला की लगेच रिसेप्शनला कळवा, म्हणजे निघताना भरपाईवरून वाद होणार नाही. ओला टॉवेल शिल्पावर वाळत घालू नका (हसू नका, लोक घालतात).

मजा खरी कॉरिडॉरमध्ये. सकाळी वर्दळ नसताना जिन्याने उतरा, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. कलाकृतींची यादी किंवा माहिती देणारं कुणी आहे का, ते रिसेप्शनवर विचारा. काही ठिकाणी चित्रं विकायलाही असतात. किंमत विचारायला लाजू नका.