वजन शंभर किलोंच्या पुढे असताना ते कमी करण्याची सुरुवात कशी करावी

उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १२० किलो असेल, तर त्या व्यक्तीचा बीएमआय जवळपास ४७ येतो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ४० आणि त्यापुढचा बीएमआय हा लठ्ठपणाचा सर्वांत वरचा गट मानला जातो. अशा व्यक्तीला ‘साठ किलोवर आले पाहिजे’ असे सांगितले, की ती बहुधा सुरुवातच करत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. अनुवंशिकता, झोप, काही औषधे, संप्रेरके आणि भोवतालचे खाणेपिणे यांचा वजनात मोठा वाटा असतो. ‘खाण्यावर ताबा नाही’ एवढ्या एका वाक्यात हा आजार बसत नाही. पुढील पायऱ्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांपुरत्या आहेत.

पहिली पायरी : लहान आकडा ठरवावा

पहिले उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ टक्के असावे, म्हणजे १२० किलोंसाठी ६ किलो. एवढ्या घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक पडू लागतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल हे लक्ष्य दिले होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. गुडघ्यांचा हिशेब तर याहून बोलका आहे : एक किलो वजन उतरले, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. बाहेरून पाहणाऱ्याला सहा किलोंचा फरक दिसणारही नाही. जिना चढताना तो स्वतःला मात्र जाणवतो.

दुसरी पायरी : व्यायामाआधी डॉक्टरांकडे जावे

ही पायरी टाळण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण दवाखान्यात वजनावरून बोलणी खावी लागतील ही धास्ती असते. एका डॉक्टरांनी अपमान केला, तर डॉक्टर बदलावेत. तपासणी सोडू नये. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), लिपिड (रक्तातील चरबी), थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि गरज वाटल्यास ईसीजी करून घ्यावा. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा पुरेसा मोठा आहे ना, हे स्वतःहून विचारावे. जाड दंडावर लहान पट्टा ओढूनताणून बांधला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि नको ते औषध सुरू होऊ शकते.

घोरणे फार असेल, झोपेत श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील किंवा दुपारी बसल्या जागी डोळा लागत असेल, तर स्लीप अॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराचा विषय आवर्जून काढावा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि अंगात चालण्याचे त्राण उरत नाही, त्यामुळे तो आजार तसाच ठेवून आहार बदलणे अकारण जड जाते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधीच मात्रेविषयी विचारून घ्यावे. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चालू असलेल्या औषधांपैकी एखादे वजन वाढवणारे आहे का, हेही विचारावे, पण कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

तिसरी पायरी : ताटाआधी तेलाचा डबा पाहावा

पहिल्याच दिवशी भात बंद, गोड बंद, रात्रीचे जेवण बंद, असा धडाका लावणारे थोड्याच दिवसांत दमतात. त्यापेक्षा तेलाचा डबा फोडला ती तारीख त्यावरच लिहून ठेवावी. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी केवळ फोडणी आणि तळणातून पोटात जातात. तोच खर्च तीन लिटरवर आणला, तर ताटातला एकही पदार्थ न सोडता माणशी रोजच्या सुमारे १३५ कॅलरी कमी होतात. बाटलीतून थेट कढईत धार न धरता चमच्याने मोजून तेल घालणे, एवढाच काय तो बदल.

दुसरी जागा चहाची. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप चहा, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमांच्या आत असावी. चहा सोडू नये, दर आठवड्याला साखर अर्ध्या चमच्याने कमी करत जावी.

ताटात आधी कोशिंबीर, उसळ किंवा घट्ट वरण, अंडी किंवा मासे वाढून घ्यावेत आणि पोळी-भात नंतर. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिने पुरेशी हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास त्यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. भाकरी खाल्ल्याने वजन उतरते हा समज मात्र सोडून द्यावा. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील कॅलरींमध्ये फारसा फरक नसतो, आणि एका मोठ्या भाकरीला दोन फुलक्यांहून जास्त पीठ लागते. उपवासाचेही तसेच आहे : साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्यात तूप आणि शेंगदाण्याचे कूट पडले, की त्या दिवशी रोजच्या जेवणापेक्षा जास्तच खाल्ले जाते. उपाशी राहून झटपट वजन उतरवण्याच्या नादी लागू नये. वजन फार वेगाने घटले, की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे. पहिल्या आठवड्यात काटा याहून जास्त उतरला, तर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो.

चौथी पायरी : खुर्चीपासून हालचाल सुरू करावी

गुडघे दुखत असताना दहा हजार पावलांचा आग्रह धरणे अविचाराचे आहे. न डगमगणारी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि तीवरून उठणे-बसणे पाच वेळा करावे. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. याच्या जोडीला घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या आवारात पाच मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. जवळ तरण तलाव असेल, तर छातीएवढ्या पाण्यात चालणे उत्तम, कारण पाणी शरीराचा बराचसा भार तोलून धरते. मांड्या घासून कातडी सोलवटते, म्हणून निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावावी. कित्येकांचे चालणे या एका क्षुल्लक कारणाने थांबते आणि संकोचापायी ते कोणी बोलून दाखवत नाही. छातीत दुखले, घेरी आली किंवा श्वास नेहमीपेक्षा जास्त लागला, तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर करावे. घरगुती काटा घेताना त्याची कमाल मर्यादा वाचून घ्यावी, कारण पुष्कळ काटे १५० किंवा १८० किलोंपर्यंतच मोजतात.

पाचवी पायरी : घरच्यांना सांगावे

एकाच घरात एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही, म्हणून कमी तेलाची भाजी सर्वांसाठीच व्हावी. लग्नकार्यात ‘एक घास माझ्यासाठी’ हा आग्रह होणारच. त्यावर आजाराची कहाणी सांगत बसण्यापेक्षा ‘पोट भरले’ एवढे म्हणून ताटावर हात आडवा धरावा. घरच्यांनीही घासागणिक टोकू नये. चारचौघांत टोकलेला माणूस नंतर एकटा असताना जास्त खातो.

औषधे आणि शस्त्रक्रिया

इतका तीव्र लठ्ठपणा आहारातील बदलाने पूर्ण उतरत नाही, असे अनेकदा घडते. वजन घटू लागले, की शरीर भूक वाढवते आणि खर्च होणारी ऊर्जा कमी करते. अशा वेळी औषध घेणे म्हणजे पळवाट नव्हे. आठवड्यातून एकदा टोचायची टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीची सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळू लागली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, आणि बंद केल्यावर वजन पुन्हा वाढू लागते हे आधीच जाणून घ्यावे. बीएमआय ३५ च्या पुढे असेल, तर बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी तज्ज्ञांशी बोलण्यास हरकत नाही. तिच्यानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. तीन महिन्यांनंतरच्या भेटीला आठवड्याच्या वजनांची वही सोबत न्यावी आणि यांपैकी आपल्याला काय योग्य ठरेल, हे डॉक्टरांना थेट विचारावे.