पाच अक्षरी शब्द सापडत नाही? आधी या चुका टाळा

‘पाच अक्षरी शब्द, त्यात ए आणि आर हवेत, शेवटी ई.’ असा प्रश्न समोर आला की बहुतेक जण शब्द शोधून देणारं पान उघडतात, अक्षरं कोंबतात आणि आलेल्या यादीतला पहिला ओळखीचा शब्द उचलतात. तो चुकतो, मग खेळावर राग निघतो. वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ) असो, स्क्रॅबल असो की शब्दकोडं, असा शोध फसतो तो इंग्रजी कच्चं म्हणून नाही. कोणतं अक्षर, कोणत्या जागी आणि किती वेळा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. घाईत त्यांची सरमिसळ होते, आणि पुढच्या जवळपास सगळ्या चुका तिथूनच निघतात.

राखाडी अक्षर बाद करून टाकणं

ही चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे की आता कुणी ‘खेळात गडबड आहे’ म्हणालं की मी आधी दुबार अक्षरं, म्हणजे एकाच शब्दात दोनदा आलेली अक्षरं, तपासायला सांगतो.

वर्डलमध्ये अंदाजातलं अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं होतं, शब्दात आहे पण त्या जागी नाही तर पिवळं, आणि सहसा शब्दात नसेल तर राखाडी. समजा उत्तर ‘अबाइड’ आहे: ए-बी-आय-डी-ई. तुम्ही ‘स्पीड’ टाकलात: एस-पी-ई-ई-डी. एस आणि पी राखाडी. पहिला ई पिवळा, दुसरा ई राखाडी, डी पिवळा. इथे माणूस गोंधळतो. एकच अक्षर आहे पण आणि नाही पण? माझ्या एका मैत्रिणीने अशा वेळी शोधपानावर ‘असलेली अक्षरं’ या रकान्यात ई लिहिला आणि ‘नसलेली अक्षरं’ या रकान्यातही ई लिहिला. यादी अर्थातच रिकामी आली. तिने मला फोन करून ठामपणे सांगितलं की आज उत्तरच नाही.

दुसरा ई राखाडी झाला याचा अर्थ ‘ई एकच आहे’ एवढाच. ही मोठी मौल्यवान माहिती आहे. शिवाय तो तिसऱ्या आणि चौथ्या जागी नाही, म्हणजे उरल्या पहिली, दुसरी आणि पाचवी. डी शेवटी नाही. आता ‘डान्स’, ‘डिकॉय’, ‘ईडिक्ट’ हे शब्द बसतात, पण ‘एल्डर’ बसत नाही, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये ई दोनदा येतो. रकान्यांच्या पानावर हे नीट सांगता येत नसेल तर राखाडी ई कुठेच लिहू नका, जागा स्वतः तपासा. मी कागदावर पाच खण आखतो आणि प्रत्येक खणाखाली तिथे *नसलेलं* अक्षर लिहितो. याला वेळ लागतो असं म्हणणारे त्याच्या तिप्पट वेळ चुकीच्या यादीत घालवतात.

पिवळं अक्षर पुन्हा त्याच जागी टाकणं हीसुद्धा याच जातीची चूक. पिवळा रंग दोन गोष्टी सांगतो. लोक एकच ऐकतात.

यादी न तपासता शोध सुरू करणं

ही चूक स्वतः संगणकावर शोधणाऱ्यांची. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या एका मुलाने शब्दांची मोठी फाइल उतरवून घेतली आणि ग्रेप (नमुन्यात बसणाऱ्या ओळी शोधून देणारं साधन) वापरून पाच अक्षरी शब्द मागितले. नमुना बरोबर होता: ^.....$ म्हणजे ओळीची सुरुवात, पाच टिंबं (एक टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह), ओळीचा शेवट. उत्तरात आले सगळे चार अक्षरी शब्द. त्याने काय केलं? आणखी एक टिंब वाढवलं. पाच अक्षरी शब्द आले, तो खूश. मग ‘शेवटी ई’ असा शोध केला तर एकही शब्द नाही! इंग्रजीत ई ने संपणारे शब्द हजारोंनी आहेत. तरी तो संध्याकाळभर नमुनाच बदलत बसला.

फाइल विंडोजवर तयार झालेली होती. तिथे ओळ संपताना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हं येतात. लिनक्सवर फक्त लाइन फीड. ग्रेपला प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्त दिसत होतं. चार अधिक एक, पाच. डॉस-टू-युनिक्स या छोट्या साधनाने ते चिन्ह काढलं की काम संपतं. वाढवलेलं टिंब हा इलाज नव्हता, आजार झाकणं होतं. कारण न कळता चाललेल्या युक्तीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

माझी सवय अशी: नवी यादी हाती आली की आधी मला पक्का माहीत असलेला शब्द शोधायचा. ‘टेबल’, टी-ए-बी-एल-ई, पाच अक्षरी आणि शेवटी ई. तो निकालात नसेल तर नमुन्याला हात न लावता फाइल बघायची. विशेषनामं आणि अपॉस्ट्रॉफी असलेले शब्दही तेव्हाच गाळायचे.

याच मुलाची दुसरी गफलत: आर, एस आणि टी *तिन्ही* असलेले शब्द हवे असताना तीन अक्षरं चौकोनी कंसात लिहिली. कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतंही एक’. तिन्ही हवी असतील तर एकामागून एक तीन गाळण्या लावा.

एकाच सापळ्यात अंदाज उधळणं

शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी सापडली की लोकांना जिंकल्यासारखं वाटतं. मग फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असं एकेक करत सहाही संधी संपतात. थांबा. ‘फिल्म्स’ टाका: एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात. उत्तर ते नाही हे माहीत असूनही तो शब्द टाकायचा धीर नवशिक्यांत नसतो. हार्ड मोडमध्ये, म्हणजे मिळालेल्या खुणा पुढच्या अंदाजात वापराव्याच लागतात तिथे, मात्र ही सोय नाही; तिथे मी अशा शेपटाच्या जवळ लवकर जातच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

उच्चारावरून अक्षरं मोजू नका. ‘नाइफ’ के ने सुरू होतो, ‘साम’ पी ने.

वाय विसरू नका. ए-ई-आय-ओ-यू यांपैकी काहीच बसत नसेल तर ‘निम्फ’, ‘क्रिप्ट’, ‘लिंच’ आठवा.

ब्रिटिश की अमेरिकन स्पेलिंग, हे आधी ठरवा. ‘कलर’ अमेरिकेत पाच अक्षरी, ब्रिटनमध्ये सहा. 2022 च्या सुरुवातीला वर्डलमध्ये ‘फेवर’ आणि ‘ह्यूमर’ यू शिवाय आले तेव्हा ब्रिटिश खेळाडू चांगलेच वैतागले होते.

स्क्रॅबलमध्ये क्यू हातात आला की यू ची वाट बघत बसू नका. यू च्या सोंगट्या चारच असतात. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द उत्तर अमेरिकेच्या यादीतही 2006 पासून चालतो; ‘फकीर’ एफ-ए-क्यू-आय-आर असाही लिहिता येतो.

आणि कोणत्या खेळासाठी शोधताय ते बघा. जॉश वॉर्डल यांच्या मूळ वर्डलमध्ये उत्तरांची यादी सुमारे 2,300 शब्दांची होती, पण अंदाज म्हणून चालणारे शब्द बारा हजारांहून जास्त. शोधपानं बहुधा मोठी यादी दाखवतात. त्यातले नुसता एस किंवा ई-एस लावून झालेले अनेकवचनी शब्द, आता वर्डल चालवणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सने नोव्हेंबर 2022 मध्ये उत्तर म्हणून बाद केले. ‘गीज’ किंवा ‘फंगाय’सारखी अनेकवचनं मात्र येऊ शकतात.