चिऱ्याच्या जुन्या घरातली ओल: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

कोकणातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात ऑगस्ट उजाडला की भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा काळवंडतो, रंगाला फुगे येतात आणि बोट लावलं की पोपडे सुटतात. गणपती तोंडावर आलेले असतात, म्हणून घाईघाईने पुट्टी ओढून रंग मारला जातो. शिमग्यापर्यंत तो रंग भिंत सोडतो. पाणी भिंतीत तसंच राहिलं तर वरून कितीही महागडा रंग लावा, हेच होणार. ओल नेमकी कोणत्या वाटेने येते हे कळल्याशिवाय गवंड्याला बोलावू नये.

ओलीचा माग

डाग कुठे आहे यावरून निम्मं काम होतं. जमिनीपासून वर चढलेला आणि वरच्या कडेला पांढरा खार फुटलेला पट्टा म्हणजे जोत्यातून चढणारी ओल. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो आणि जांभा चिरा सच्छिद्र, त्यामुळे जमिनीतलं पाणी वर खेचलं जातं. वरून खाली ओघळलेला डाग कौलांचा किंवा पन्हळीचा. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, खिडकीच्या आसपास पसरट ओल दिसली तर ती झडीची. एकाच जागी बारा महिने, एप्रिल-मेमध्येसुद्धा टिकणारा डाग दिसला की नळ किंवा न्हाणीघर तपासा.

कपाटामागे आणि कोपऱ्यात नुसतीच बुरशी असेल, पोपडे नसतील, तर पाणी बहुधा हवेतलं आहे. खात्री करायची असेल तर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि ४८ तास तसाच ठेवा. खोलीच्या बाजूने दव जमलं तर हवेतला दमटपणा. भिंतीच्या बाजूने जमलं तर पाणी भिंतीत आहे.

नळाची गळती बघायला रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पुन्हा बघा. न्हाणीघरासाठी जाळीचं तोंड बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवा. पाणी खाली उतरलं किंवा पलीकडची भिंत गडद झाली तर फरशीच्या दर्जा (सांधे) उघड्या आहेत.

बाहेरची कामं, एप्रिल-मेमध्ये

गवंडी यायच्या आधी फावडं घ्या. जुन्या घरांभोवती दरवर्षी माती सारवून, वर काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक असं करत अंगण चढत जातं आणि शेवटी ते जोत्याच्या बरोबरीला येतं. अंगण घराच्या आतल्या जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट खाली हवं आणि उतार भिंतीपासून बाहेर, पाच फुटांना किमान सव्वा इंच. भिंतीला चिकटून पडलेलं काँक्रीट फूट-दीड फूट फोडून तिथे खडी भरा. पागोळ्यांचं पाणी खडीत जिरतं, भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत आणि जमिनीतली वाफही भिंतीतून न जाता तिथूनच बाहेर पडते. चढत्या ओलीचं बरंचसं दुखणं एवढ्यानेच कमी होतं, म्हणून हे काम करून एक पावसाळा वाट पाहावी.

कौलं शाकारताना फुटकी बदलाच, पण आढ्यावरच्या कौलांखालचा मसाला आणि दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ हाताने चाचपून बघा. गळती बहुधा तिथलीच असते. वाशांची आणि तुळयांची जी टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय, आणि ते सुताराचं काम आहे. झडीच्या बाजूला झाप किंवा प्लास्टिक बांधणार असाल तर भिंतीपासून हातभर अंतर सोडा आणि वर-खाली फट ठेवा. भिंतीलाच गुंडाळलेलं प्लास्टिक ओल आत कोंडतं.

गिलावा: सिमेंट नको

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. भिंतीत चढलेलं पाणी त्यातून वाफ होऊन जातं. त्यावर सिमेंट, पुट्टी आणि ऑइल पेंट चढला की ती वाट बंद होते, पाणी आणखी वर चढतं आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडतं. तीन फुटांची ओल पाच फुटांवर गेली की लोक आणखी वरपर्यंत सिमेंट मारतात! आतून लावायच्या वॉटरप्रूफ कोटचंही तसंच. पीओपी तर ओलीत भुसभुशीत होतं. भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय विटांच्या सलग भिंतीत बरा चालतो. मातीत बांधलेल्या, पोकळ्या असलेल्या चिऱ्याच्या भिंतीत रसायन कुठे गेलं ते कळत नाही.

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात, ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत जुना गिलावा काढा. दर्जा पाऊण-एक इंच खोल खरवडा. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, खार विरघळून पुन्हा आत जातो. मग भिंत उघडी ठेवा. भिंत वाळायला जाडीच्या इंचाला साधारण एक महिना धरतात, म्हणजे दीड फुटी भिंत एका हिवाळ्यात पूर्ण वाळत नाही. पूर्ण कोरडी व्हायची गरजही नाही, चुना थोडी ओल सोसतो. पण जेवढे आठवडे मिळतील तेवढे द्या.

कळीचा चुना भिजवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. मिश्रण उकळून उसळतं, म्हणून डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच, मुलं लांब. भिजवलेला चुना गाळून, वर पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरवा. मग १ घमेलं चुना आणि ३ घमेली धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं. ओलीच्या पट्ट्यात लवकर घट्ट व्हावं म्हणून १ चुना, १ विटेची बारीक सुरखी (भुकटी), २ वाळू असं घ्या. १०० चौरस फुटांना अर्ध्या इंचाच्या थरासाठी ५ घनफूट वाळू आणि दीड घनफुटाहून थोडा जास्त चुना लागतो.

आधी दर्जा भरा, भिंत शिंपडून ओलसर करा, मग अर्ध्या इंचाहून जाड नाही असा एक थर. आठवड्याने दुसरा, पातळ. थर आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. भराभर वाळला तर बारीक चिरा पडतात आणि हात फिरवला की पीठ निघतं. वर चुन्याचेच तीन पातळ हात.

बुरशी काढताना

डाग दहा चौरस फुटांपर्यंत असेल तर घरी काढता येतो. एन-९५ मास्क, मोजे, गॉगल घाला, दमेकऱ्याला खोलीबाहेर पाठवा. कोरडं झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, फडकं वारंवार बदला, मग पंखा लावून वाळवा. फरशीच्या दर्जांवर १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी चालतं, भिंतीच्या गिलाव्यावर त्याचा फारसा उपयोग नाही: वरचा काळेपणा जातो, आतली बुरशी राहते. ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. इंटरनेटवर सुचवतात ते व्हिनेगर चुन्याच्या भिंतीला आणि कोटा फरशीला लावू नका, आम्ल चुना खातं. लाकडाला स्पिरिट पुसा.

पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी परतते. पूर्वी चुलीचा धूर आणि ऊब छप्पर कोरडं ठेवायची, आता ते काम पंख्याने करायचं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट लावा. एका वेळच्या धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, म्हणून कपडे झोपायच्या खोलीत नव्हे तर पडवीत वाळत घाला. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ओढा. डांबराच्या गोळ्या किडीसाठी आहेत, बुरशी त्यांना जुमानत नाही. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडचा डबा उपयोगी पडतो, पण उघड्या खोलीत तो वाया जातो. डब्यात साठणारं पाणी खारट असतं आणि लोखंड गंजवतं, तेव्हा साड्यांवर सांडायच्या आत ते बेसिनमध्ये ओतून टाका.