बीएस्सी केमिस्ट्री करणाऱ्यांसाठी थोडं, क्यूसी म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमधून

नीटला स्कोर आला नाही, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, मग घरचे म्हणतात बीएस्सी कर आणि केमिस्ट्री घे, एमआयडीसीत जॉब लागतो. गावाकडची पोरं मला फोन करून हेच विचारतात, दादा खरंच लागतो का. लागतो रे, पण कसला लागतो ते आधी माहीत पाहिजे.

आधी कॉलेजचं बोलू. थिअरी परीक्षेच्या आधी नोट्सवर निघते, पण प्रॅक्टिकलला एक वाईट सवय लागते. टायट्रेशनचं पहिलं रिडींग 9.8 आलं, दुसरं 10.3, की लगेच शेजारच्याला विचारायचं तुझं किती, आणि जर्नलमध्ये तिन्ही रिडींग 10.0 लिहून सीबीआर (ब्युरेटचं जुळलेलं रिडींग) 10.0, सरांचीही सही होते कारण बॅच मोठी आणि वेळ कमी. फार्मा कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये नेमकं ह्याच गोष्टीवर नोकरी जाते. तिथे एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, कोणी कधी इंजेक्शन मारलं (नमुना सोडला), कोणी ग्राफवरचा कुठला पीक बदलला, सगळं ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदीत, दिसतं. पेनाने चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही, एक रेघ मारायची, शेजारी सही, तारीख आणि कारण. रिझल्ट लिमिटबाहेर गेला तर ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) उघडतो, चौकशी होते, त्यात काही वावगं नाही, पण आकडा जुळवला तर संपलं. यूएसएफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचे, लोक येतात ते हेच उकरायला, आणि त्यांची वॉर्निंग लेटर्स वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, फायनल इयरला चार-पाच वाचाच, कुठल्याही क्लासपेक्षा जास्त कळेल.

फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत एचपीएलसीची फार अपेक्षा नसते, विचारतात फर्स्ट इयरचंच. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर करायला किती ग्रॅम? 4 ग्रॅम. मग ते स्टँडर्डाइज का करायचं, म्हणजे त्याची नेमकी ताकद तपासून का घ्यायची? कारण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, वजन करून भरवसा ठेवता येत नाही. एमएस्सी झालेली पोरं इथे गप्प बसलेली बघितलीत मी.

प्रॉडक्शन हा वेगळाच प्रकार. कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर ह्या पट्ट्यात बीएस्सीवाल्यांना बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करावी लागते. रिॲक्टर चार्ज करायचा (त्यात कच्चा माल भरायचा), टेंपरेचर बघत बसायचं, सेंट्रीफ्यूज, ड्रायर, बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) भरायचा, वर तीन शिफ्ट, नाइटला झोपेची वाट लागते आणि सॉल्व्हंटचा वास कपड्यातून जात नाही. तरी प्रोसेस कळते ती तिथेच, त्यामुळे नाक मुरडू नका.

एमएस्सी करायची तर ऑरगॅनिक घेतलं की आर अँड डी आणि सिंथेसिस, ॲनालिटिकल घेतलं की क्यूसी आणि मेथड डेव्हलपमेंट, ढोबळमानाने असंच. आयआयटीला जायचं असेल तर जॅम (एमएस्सी प्रवेशाची परीक्षा) द्या, 60 प्रश्न, 100 मार्क, 3 तास, आणि तयारी सेकंड इयरलाच सुरू करा. रिसर्चची आवड असेल तर पुण्यात एनसीएल आणि आयसर ह्या संशोधन संस्था आहेत, पण पीएचडी म्हणजे बरीच वर्षं फेलोशिपवर, घरची परिस्थिती बघून ठरवा.

कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या पोरांना साखर कारखाना सुचत कसा नाही हे मला कोडंच आहे. लॅब केमिस्ट, पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढत गाळप हंगाम जातो, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून साखर तंत्रज्ञानाचा कोर्स केला तर वर चढता येतं.

आणि फार्मात राहणार असाल तर एफडीए ॲप्रूव्हल, म्हणजे औषध बनवण्याच्या कामाचा जबाबदार तज्ज्ञ म्हणून आपल्या राज्याच्या एफडीएची (अमेरिकेच्या नव्हे) मान्यता, डोक्यात ठेवा. मॅन्युफॅक्चरिंगसाठी केमिस्ट्री मुख्य विषय असलेली डिग्री आणि त्यानंतर औषध बनवण्याचा निदान 3 वर्षांचा अनुभव लागतो, बी फार्मवाल्यांना 18 महिने पुरतात, अन्याय वाटला तरी नियम तसाच आहे. म्हणून कंपनी सोडताना एक्सपिरियन्स लेटरवर डिपार्टमेंट आणि तारखा नीट लिहून घ्या, नुसतं 'केमिस्ट म्हणून काम केले' असलं लेटर घेऊन एचआरच्या केबिनमधून बाहेर पडू नका.