बार्बेक्यू आणि सोल फूड खायला जाताना या चुका टाळा

ह्यूस्टनमध्ये राहायला आल्यापासून भारतातून आलेल्या कितीतरी पाहुण्यांना मी इथल्या साध्या बार्बेक्यू, म्हणजे धुरावर सावकाश शिजवलेल्या मांसाच्या, आणि सोल फूडच्या उपाहारगृहांत नेले आहे. त्याच त्या चुकांमुळे रात्रभर खपून केलेले अन्न ताटात टाकलेले पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पालेभाजी दिसली की ती शाकाहारीच असणार, असे धरून चालणे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या या स्वयंपाकाला सोल फूड हे नाव १९६० च्या दशकात रूढ झाले, पण त्याची मुळे गुलामगिरीच्या काळातली आहेत. वाट्याला आलेल्या हलक्या प्रतीच्या मांसातून सगळ्या भांड्याला चव आणण्याची ती रीत असल्यामुळे, कोलार्डची जाड पाने आजही डुकराच्या पायाचा धुरी दिलेला तुकडा किंवा टर्कीचे मांस घालून मंद आचेवर शिजवतात. माझी मावशी माळकरी. तिच्यासाठी कोलार्ड आणि चवळी मीच मागवली. दोन घास खाऊन ती म्हणाली, "आपल्या माठाच्या भाजीसारखी लागते रे," आणि तिसऱ्या घासाला चमच्यात मांसाचा गुलाबी धागा आला. ती एक शब्द बोलली नाही; उठून हात धुतले आणि त्या दिवशी पाण्याखेरीज काही घेतले नाही. चौकशी करणे माझे काम होते. तेव्हापासून मी एकेका पदार्थाचे नाव घेऊन "यात मांस, चरबी किंवा मांसाचे पाणी आहे का?" असेच विचारतो. मक्याच्या ब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी असते, बार्बेक्यूच्या घेवड्यात मांसाचे तुकडे असतात, आणि गोड रताळ्यांवरच्या मार्शमॅलो या मऊ मिठाईत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेला पदार्थ, असते.

बार्बेक्यूतले ब्रिस्केट म्हणजे छातीच्या भागाचे गोमांस, हे पाहुण्यांना घरीच सांगावे. न खाणाऱ्यांसाठी टर्की आणि कोंबडी असते.

दुसरी चूक उतावळेपणाची. ब्रिस्केट साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसला दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ धुरावर ठेवतात. त्यामुळे ते संपले की त्या दिवसापुरते संपलेच, आणि संध्याकाळी सात वाजता जाऊन "पटकन करून द्या" म्हणण्याला काही अर्थ नसतो. मी साडेअकरालाच रांगेत उभा राहतो. एका विद्यार्थ्याने कापाच्या कडेची गुलाबी रेघ पाहून मांस कच्चे आहे म्हणून परत पाठवले होते. ती रेघ धुरातील नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले गेल्याने उमटते, आणि जाणकार तिच्याकडे कौतुकाने पाहतात. थोडे वाचून जाण्याचे कष्टही न घेणाऱ्यांचा मला राग येतो.

मांस वजनावर मिळते. माणशी एक तृतीयांश पौंड, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, पुरते. पहिला घास सॉसशिवाय खावा.

कोलार्डच्या तळाशी उरलेले पाणी, ज्याला पॉट लिकर म्हणतात, टाकून देऊ नये. मांस खाणाऱ्यांनी त्यात मक्याचा ब्रेड बुडवून खावा. तिखट हवे असल्यास लाल तिखट मागण्याऐवजी टेबलावरची व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्यांची बाटली घ्यावी आणि त्यातले चार थेंब भाजीवर शिंपडावेत.