मालिका-कादंबऱ्यांविषयी मत कसे बनवावे: किनाऱ्यावरच्या वाचकासाठी

एका रहस्यकादंबरीविषयी मत द्यायला एक रात्र आणि एक सकाळ पुरते. तीन, पाच किंवा दहा भागांच्या मालिकेचे तसे नसते. पहिल्या भागात लेखकाने जो शब्द दिला तो शेवटच्या भागापर्यंत पाळला का, हा तिथे मुख्य प्रश्न असतो, आणि तो विचारायचा तर मुळात कोणता शब्द दिला होता हे वाचकाच्या लक्षात राहावे लागते. कोकणात या वाचनाला पावसाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, लावणी उरकल्यावर शेतकरी घरांनाही थोडी उसंत मिळते, आणि वाचनालयांतून थरारकथा, रहस्यकथा आणि अलीकडे डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या जुलमी समाजाच्या, कादंबऱ्यांचे भाग एकामागून एक घरी जाऊ लागतात. या वाचनातून नुसते ‘आवडले’ किंवा ‘कंटाळवाणे’ याच्या पुढचे मत तयार व्हावे, म्हणून ही पद्धत मांडत आहे.

मालिका कोणत्या जातीची आहे, हे सर्वांत आधी ओळखावे. काही मालिकांत नायक एक आणि प्रकरणे सुटी असतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड हे नायक पुन्हा पुन्हा भेटतात, पण प्रत्येक पुस्तक आपल्यापुरते संपते. अशा मालिकेत कथानक पुढे सरकत नाही अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे. तिथे नायकाची ओळख ताजी राहते का, प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा पेच आहे का आणि लेखकाची गती टिकते का, एवढेच विचारावे. मराठी माणसाला वाचनाची सवय लावण्याचे मोठे काम या छोट्या पुस्तकांनी केले आहे आणि त्यांना हलके समजण्याची रीत मला मान्य नाही. दुसऱ्या जातीच्या मालिकांत एकच कथा अनेक भागांत विभागलेली असते. तिथे दुसरा भाग पहिल्यावाचून वाचणे म्हणजे मधल्या अंकापासून नाटक पाहणे होय.

क्रमाबाबत माझे मत ठाम आहे: कथेतल्या काळाप्रमाणे नव्हे, तर पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्या क्रमाने वाचावे. शेरलॉक होम्सचा अंत झाल्याची कथा 1893 मध्ये आली, बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी 1901 आणि 1902 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली तेव्हा तिची घटना त्या अंतापूर्वीची ठेवली होती, आणि 1903 मध्ये होम्स परतला. नायक गमावल्यानंतरच्या प्रतीक्षेचा रस या क्रमात आहे; घटनांच्या क्रमाने वाचल्यास तो हाती लागत नाही. अगाथा ख्रिस्तींनी आपला गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो याची अखेरची कादंबरी ‘कर्टन’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली, पण ती 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. ती पॉयरोला त्याच्या पहिल्या प्रकरणाच्या घरात परत नेते, म्हणून आधीच्या किमान पाच-सहा कादंबऱ्या झाल्याशिवाय ती उघडू नये. सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा, ज्या अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोचल्या, बहुतेक सुट्या वाचता येतात. तरी लालमोहन गांगुली, म्हणजे स्वतः भडक रहस्यकथा लिहिणारे जटायू, ‘सोनार केल्ला’त आगगाडीत प्रथम भेटतात, आणि ती भेट झाल्यावरच फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि जटायू ही पुढची त्रयी खरी गोड लागते.

अडचण अशी की वाचनालयात दुसरा भाग असतो आणि पहिला नसतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 पासूनचे आहे आणि किनाऱ्यालगतच्या तालुक्यांना वाचनालयांची जुनी परंपरा आहे, पण भाग हरवतात, फाटतात, पुरातही जातात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे जुलै 2021 च्या पुरात केवढे नुकसान झाले हे आपण पाहिले आहे. म्हणून मालिका सुरू करण्यापूर्वी ग्रंथपालांकडून सगळ्या भागांची नोंद पाहून घ्यावी, नसलेला भाग मागणीवहीत लिहावा, आणि तो येईपर्यंत पुढचा भाग घरी आणण्याचा मोह टाळावा. मधला भाग न वाचता दिलेले मत कितीही मनापासूनचे असले तरी अपुरेच राहते.

वाचताना जवळ एक छोटी वही ठेवावी. तिच्यात सारांश लिहू नये, कारण त्याने वाचनाची लय मोडते. पहिल्या भागाच्या शेवटी फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: लेखकाने कोणता प्रश्न उघडा ठेवला, आणि आपला संशय कोणावर आहे. रहस्यकथेत हा लिहिलेला संशय फार मोलाचा ठरतो, कारण उलगडा झाल्यावर प्रत्येकालाच आपण हे आधी ओळखले होते असे वाटू लागते. मग मागे जाऊन पाहावे, की ज्या सूत्रावर उलगडा उभा आहे ते आपल्यासमोर आले होते का. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असावा आणि गुप्तहेराला सापडलेले सूत्र वाचकापासून लपवू नये, हे त्यांतले दोन आजही उपयोगी आहेत. सूत्र समोर असून आपल्याला दिसले नाही, तर ते लेखकाचे यश. सूत्र समोर ठेवलेच नव्हते, तर तो वाचकावर अन्याय. मालिकेत हा अन्याय अधिक गंभीर ठरतो, कारण वाचकाने तीन-चार पुस्तकांचा वेळ विश्वासाने दिलेला असतो. तिसऱ्या भागात अचानक उगवलेला भाऊ किंवा जुळी बहीण गुन्हेगार निघाली, तर बाकी भाषा कितीही देखणी असो, त्या मालिकेची शिफारस मी करत नाही.

याच ठिकाणी किनाऱ्यावरच्या वाचकाजवळ एक अधिकार आहे आणि तो त्याने संकोच न करता वापरावा. मराठी रहस्यकथांना कोकणाचे मोठे आकर्षण आहे: जुना वाडा, माडांची राई, खाडीच्या मुखाशी सापडलेले प्रेत. अशा कथेत भरती-ओहोटी पुरावा म्हणून आली, तर ती तपासून घ्यावी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि आपल्याकडे त्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तिचे पाणी फारसे चढत नाही. तेव्हा पौर्णिमेच्या मध्यरात्री खुनी खाडीचे कोरडे पात्र पायी ओलांडून गेला असे कोणी लिहिले, तर त्या लेखकाने जागा पाहिलेली नाही असे खुशाल म्हणावे. हा क्षुल्लक दोष मानू नये. रहस्यकथेचा सगळा डोलारा वस्तुस्थितीच्या अचूकतेवर उभा असतो आणि एक खांब पोकळ निघाला तर बाकीच्यांवरही हात ठेवून पाहावा लागतो.

थरारकथेचे माप वेगळे आहे. तिथे गुन्हेगार कोण हे अनेकदा आधीच ठाऊक असते. पुढे काय होईल याचा ताण महत्त्वाचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजते आणि पुढच्या पानावर ते शेजाऱ्याने वाजवलेले निघते, असा ताण स्वस्त असतो. पात्राला दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागतो, तेव्हा निर्माण होणारा ताण खरा. आणखी एक गोष्ट मी नेहमी पाहतो: हिंसा झाल्यावर लेखक बळीजवळ थांबतो का, की प्रेत हे केवळ पुढचे पान उलटायचे निमित्त असते. स्टीग लार्सन यांच्या स्वीडिश मालिकेत स्त्रियांवरच्या अत्याचारांचे वर्णन अस्वस्थ करणारे आहे, पण कायदा आणि समाज यांनी कुठे डोळेझाक केली याचा हिशेब लेखक सोडत नाही, म्हणून मी तिच्या बाजूने बोलतो. तिचे पहिले तीन भाग लार्सन यांच्या 2004 मधील निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि 2015 पासून डेव्हिड लागरक्रान्त्झ यांनी ती पुढे नेली. लेखणी बदलली की मतही वेगळे नोंदवावे. दोघांना एकाच वाक्यात तोलणे दोघांवरही अन्यायाचे आहे.

डिस्टोपियन मालिकांकडे अधिक बारकाईने पाहावे, कारण त्या भविष्यातल्या एका जुलमी व्यवस्थेवर विश्वास ठेवायला सांगतात. ती व्यवस्था पोट कसे भरते, हा माझा पहिला प्रश्न असतो. बंदरावर मासळीचा लिलाव, बर्फाच्या लाद्या आणि शहराकडे निघालेले ट्रक पाहिलेल्या वाचकाला हा प्रश्न आपोआप सुचतो: त्या झगमगत्या राजधानीच्या ताटात मासा येतो कुठून आणि तो पकडणाऱ्याला काय मिळते? सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (2008) याचे उत्तर आहे. बारा जिल्ह्यांपैकी प्रत्येकाकडे एक उद्योग दिला आहे; बाराव्याकडे कोळसा, अकराव्याकडे शेती, चौथ्याकडे मासेमारी, आणि चौथ्या जिल्ह्याचा पाव माशाच्या आकाराचा व समुद्रशेवाळाने हिरवट झालेला असतो. एवढ्या एका तपशिलाने तो जिल्हा खरा होतो. 2010 मधला तिसरा भाग अनेकांना उदास वाटतो; माझ्या मते तोच सर्वांत प्रामाणिक आहे, कारण बंडाचा विजय कोणालाही न मळवता मिळतो असे तो भासवत नाही. 2020 मधला पूर्वभाग या तिन्हीनंतरच वाचावा.

उलट व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’ मालिकेत (2011 ते 2013) शहर पाच गुणांप्रमाणे पाच गटांत विभागलेले आहे. पहिला भाग वेगवान आहे आणि किशोर वाचकाला आपला गट निवडण्याची भीती नेमकी कळते. पण असा समाज टिकावा कसा, याला उत्तर शोधताना तिसऱ्या भागातले स्पष्टीकरण मला तोकडे वाटले. पहिला भाग वाचून आनंदाने थांबावे, अशी ही मालिका आहे, आणि ‘इथे थांबले तरी चालेल’ हेदेखील वाचकाला उपयोगी पडणारे मत आहे. लोईस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’चा (1993) शेवट उघडा आहे आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या भागांत मिळत जाते आणि 2012 मधल्या चौथ्या भागात ते पुरे होते. ज्यांना उघडा शेवट मनात बाळगायला आवडतो त्यांनी पुढचे भाग उशिराने घ्यावेत.

मत लिहिताना पहिल्या भागाचा अर्धाच कथाभाग सांगावा आणि पुढच्या भागांतील घटना मुळीच सांगू नयेत. कोण वाचले आणि कोण मेले हे न सांगताही मालिका कुठे बळकट आहे आणि कुठे सैल, हे सांगता येते. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हेही लिहू नये, कारण त्यानंतर वाचक धक्क्याचीच वाट पाहत बसतो. कोणत्या वयाच्या वाचकाला द्यावी, हिंसा किती आहे, अनुवाद वाचला की मूळ, आणि किती भाग वाचून हे मत बनले, या चार गोष्टी मात्र अवश्य नोंदवाव्यात. अनुवाद वाचला असेल तर भाषेचे श्रेय किंवा दोष परस्पर मूळ लेखकाच्या नावावर टाकू नये. मालिका संपल्यावर पहिल्या भागाची पहिली तीस-चाळीस पाने पुन्हा वाचावीत, वहीतला जुना संशय आणि उघडा प्रश्न त्यांच्याशी ताडून पाहावा, आणि मत बदलले असेल तर पहिले न खोडता त्याच्याखाली तारीख घालून दुसरे लिहावे.