नैराश्यावरची ट्रायसायक्लिक गोळी घरी सुरक्षितपणे कशी घ्यावी

जिल्हा रुग्णालयातून किंवा तालुक्याच्या दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन किंवा डोथिएपिन यांपैकी एखादे नाव असेल, तर ती गोळी ट्रायसायक्लिक गटातली आहे, असे समजावे. या गटातले पहिले औषध इमिप्रामिन. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो, हे स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कमी त्रासाची नवी औषधे आली; तरीही ही जुनी गोळी स्वस्त आणि गुणकारी असल्याने आजही पुष्कळ लिहिली जाते. तिची मोठी अडचण अशी की, योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर नव्या औषधांच्या मानाने बरेच कमी असते. म्हणून गोळी घरातल्या एकाच माणसाची असली, तरी तिची राखण दुसऱ्या एका माणसाकडे असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळी कशासाठी दिली, हे आधी विचारावे

हीच गोळी नैराश्याखेरीज इतर दुखण्यांवरही दिली जाते. मधुमेहाने पायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेला ठणका आणि वारंवार उठणारी अर्धशिशी यांसाठी डॉक्टर रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन देतात. अंथरूण ओले करणाऱ्या मुलांना कधी इमिप्रामिन दिली जाते. नैराश्यासाठी मात्र मात्रा हळूहळू वाढवत दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. हे ठाऊक नसल्यामुळे एक प्रकार नेहमी घडतो. पायाच्या आगीसाठी गोळी घेणाऱ्या बाईचा मुलगा मोबाईलवर तिचे नाव शोधतो, ‘ही तर डोक्याची गोळी आहे’ असे आईला सांगतो आणि दुसऱ्या दिवसापासून औषध बंद होते. चिठ्ठी हातात घेतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गोळी कशावर आहे, किती मिलिग्रॅमची आहे आणि किती दिवसांनी पुन्हा दाखवायचे आहे. उत्तरे चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावीत. वाचता येत नसेल तर ती आशाताईंकडून किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्यावीत.

पहिली गोळी घेण्यापूर्वी काय सांगावे

हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत धडधड होत असेल किंवा चालता चालता भोवळ येऊन पडण्याचा प्रकार घडला असेल, तर ते न विचारताही सांगावे. ही गोळी हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत यंत्रणेवर परिणाम करते, म्हणून वयस्कर व्यक्तीचा आणि हृदयरोग्याचा ईसीजी आधी काढून घेणे शहाणपणाचे ठरते. काचबिंदू, पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढून लघवी अडकणे, फेफरे, यकृताचा आजार, गर्भारपण आणि अंगावर पाजणे याही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पूर्वी कधी झोप अजिबात न लागता अंगात भलताच उत्साह संचारला होता, पैसा उधळला गेला होता, बोलणे थांबत नव्हते, असे झाले असेल तर तेही सांगावे. ती उन्मादाची अवस्था असू शकते आणि नुसती ही गोळी दिल्याने ती पुन्हा उसळू शकते.

चालू असलेल्या औषधांची यादी विदर्भात विशेष काळजीने करावी लागते. सिकलसेलच्या कळांसाठी ट्रामाडोल मिळत असेल, तर दोन्ही औषधे एकत्र आल्याने फेफऱ्यासारखे झटके येण्याचा धोका वाढतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड दिले जाते. या गोळीबरोबर ते घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीवर जाऊन ताप, थरथर आणि भ्रम होऊ शकतो. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात दिल्या जाणाऱ्या क्लोरोक्विनचाही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होतो. मेडिकलमधून सहज मिळणारी सर्दीची गोळी, एव्हिल आणि पोटदुखीची डायसायक्लोमिन ही साधी वाटणारी औषधेसुद्धा तोंड कोरडे पडणे, लघवी अडकणे आणि गुंगी हे त्रास दुप्पट करतात. दम्यावर किंवा सांधेदुखीवर धोतऱ्याची पाने-बिया वापरण्याचा घरगुती उपाय तर या काळात पूर्णपणे वर्ज्य समजावा, कारण धोतऱ्याचा परिणामही याच दिशेने होतो. आधीच नैराश्याची दुसरी एखादी गोळी सुरू असेल, तर ती पिशवीसकट डॉक्टरांसमोर ठेवावी.

सुरुवात कशी करावी

बहुधा ही गोळी रात्री झोपण्याच्या तास-दोन तास आधी घेतात, म्हणजे तिची गुंगी झोपेत निघून जाते. डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करून काही दिवसांच्या अंतराने ती वाढवतात. हे वाढवणे घरच्यांनी आपल्या अंदाजाने करू नये. झोप पहिल्या काही दिवसांतच सुधारते, पण मनावरचे मळभ हटायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. याच मधल्या काळात सर्वाधिक लोक औषध सोडतात, कारण तोंड कोरडे पडणे, सुस्ती आणि चक्कर हे त्रास आधी येतात आणि फायदा मागून येतो. घरच्यांनी रोग्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

पहिल्या काही आठवड्यांत, आणि मात्रा बदलल्यावर, रोग्याकडे विशेष लक्ष ठेवावे. अस्वस्थपणा वाढला, एका जागी बसवेना, चिडचिड होऊ लागली किंवा मरणाची भाषा सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये हा धोका अधिक असतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे सरळ शब्दांत विचारायला कचरू नये; विचारल्याने ते विचार रुजतात, हा समज चुकीचा आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

एखाद्या रात्री गोळी घ्यायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली, तर ती सोडून द्यावी आणि रात्री नेहमीची गोळी घ्यावी. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत.

रोजचे त्रास आणि त्यांवरचे उपाय

तोंड कोरडे पडणे हा सर्वांत नेमाने येणारा त्रास. घोट-घोट पाणी पिणे, बडीशेप चघळणे, दोन्ही वेळा दात घासणे एवढे पुरते. मात्र आपल्याकडे कोरडे तोंड खर्ऱ्याला निमंत्रण देते, आणि लाळ कमी झालेल्या तोंडात तंबाखू-चुन्याची तीच पुडी गालाच्या आतल्या त्वचेला अधिक इजा करते. गोळी सुरू असताना खर्रा सुटला नाही तरी निदान वाढू देऊ नये. बद्धकोष्ठासाठी ज्वारीची भाकर, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या आणि भरपूर पाणी यांनी भागते. नाही भागले तर इसबगोल घ्यावे. लघवी मुळीच होईनाशी झाली किंवा डोळा दुखून एकाएकी धूसर दिसू लागले, तर मात्र घरचे उपाय करत बसू नये. वजन वाढणे आणि लैंगिक अडचण यांबद्दल लोक लाजेने बोलत नाहीत व गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगितल्यास औषध बदलता येते.

खाटेवरून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण उभे राहताना रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना हे जास्त होते. रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसावे, आधार धरून उभे राहावे आणि मग चालू लागावे. अंगणापर्यंत जाण्याच्या वाटेवर दिवा लावून ठेवावा, कारण या वयात खुब्याचे हाड मोडणे हा वेगळाच संसार मागे लावून घेणे आहे. पहिले आठ-दहा दिवस, आणि सकाळची सुस्ती टिकून असेल तोवर, मोटरसायकल, ट्रॅक्टर, थ्रेशर आणि कडबा कुट्टीचे यंत्र यांपासून दूर राहावे.

ऊन आणि दारू

शहरातल्या माहितीपत्रकात क्वचितच आढळणारी, पण विदर्भात जिवावर बेतू शकणारी गोष्ट म्हणजे ऊन. ही गोळी घाम येण्याची क्रिया मंदावू शकते (काहींना उलट घाम जास्तही सुटतो), आणि घामाशिवाय शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतपाच्या दिवसांत वावरात पऱ्हाटीच्या काड्या वेचणाऱ्या किंवा जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाने ही गोळी सुरू असताना काम पहाटे उरकून सकाळी दहाच्या आत सावलीत यावे. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी व मीठ घातलेले ताक पीत राहावे. अंग तापलेले, कातडी कोरडी आणि बोलणे असंबद्ध, अशी अवस्था दिसली, तर अंगावर गार पाणी मारत मारत लगेच दवाखाना गाठावा. ‘गोळीची गुंगी असेल’ म्हणून त्याला झोपू देऊ नये. फवारणीच्या औषधाने बाधा झाल्याचा संशय असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी सुरू असल्याचे सर्वप्रथम सांगावे.

दारूविषयी तडजोड नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, तरी मोहाची दारू कुठे मिळते हे गावात सर्वांना माहीत असते. दारू आणि ही गोळी एकत्र आल्या की गुंगी खोल जाते, श्वास मंदावतो आणि प्यायलेल्या माणसाला आपण गोळी घेतली की नाही याचे भान राहत नाही, त्यामुळे तो पुन्हा गोळी घेण्याचा धोका असतो. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडण्याचाही अघोरी प्रयोग करू नये, त्यानेही झटके येऊ शकतात. किती पितो ते डॉक्टरांना खरे सांगून त्यांच्या सल्ल्याने सोडावी. होळीची भांगही याच यादीत धरावी.

गोळ्यांची राखण

नैराश्य असलेल्या माणसाच्या हाती या गोळ्यांचा महिनाभराचा साठा देऊ नये. पंधरवड्यापुरत्याच, सुरुवातीला तर आठवड्यापुरत्याच गोळ्या द्याव्यात, अशी विनंती डॉक्टरांना करावी. तालुक्याला एक फेरी जास्त पडते, पण ती वाया जात नाही. गोळ्यांचे पत्ते (स्ट्रिप) कुलपाच्या पेटीत ठेवावेत, किल्ली घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे असावी आणि त्याने रोज रात्री फक्त त्या दिवसाची गोळी हातावर ठेवून ती गिळेपर्यंत समोर बसावे. हे अविश्वासाने नव्हे, तर काळजीने केले जात आहे, हे रोग्याला समजावून सांगावे. बहुतेकांना ते पटते. ज्या घरात ही पेटी असेल, त्या घरातले फवारणीचे डबेही त्याच दिवशी कुलपात जावेत.

लहान मुलांच्या बाबतीत एक-दोन गोळ्याही घातक ठरू शकतात. कोनाड्यात, देवाच्या फळीवर किंवा उशीखाली ठेवलेला पत्ता रांगत्या मुलापासून दूर आहे, असे समजू नये. आपल्याला गुण आला म्हणून शेजारणीला ‘झोपेची चांगली गोळी’ म्हणून देणे हाही असाच घात आहे.

कोणी जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला माणूस फक्त पेंगुळलेला दिसतो आणि थोड्याच वेळात त्याला झटके येऊ शकतात किंवा हृदयाचा ठोका बिघडू शकतो. गंभीर बिघाड बहुधा पहिल्या सहा तासांत होतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. त्याला डाव्या कुशीवर निजवावे, १०८ ला फोन करावा आणि ईसीजीची व दाखल करून घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रिकाम्या पत्त्यासकट न्यावे. गोळ्या किती वाजता घेतल्या असाव्यात, हे आठवून ठेवावे. घरात भांडण झाले, दोष कुणाचा, ही चर्चा नंतर होऊ शकते.

चालू ठेवणे आणि थांबवणे

बरे वाटू लागल्यावरही नैराश्यासाठीची गोळी निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या धांदलीत तालुक्याची फेरी चुकते आणि साठा संपतो; त्यामुळे शेवटच्या पाच गोळ्या उरल्या की नवी चिठ्ठी आणण्याचा नेम ठेवावा. एकदम बंद केल्यास मळमळ, डोकेदुखी, निद्रानाश आणि बेचैनी सुरू होते, आणि लोक त्यालाच ‘गोळीची सवय लागली’ असे म्हणतात. तसे नाही, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, एवढेच. काही पत्त्यांत मात्र अमिट्रिप्टिलिनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड हे दुसरे औषधही असते आणि त्याची खरोखरच सवय लागते. म्हणून पत्त्यावरची दोन्ही नावे वाचून घ्यावीत. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीचा पत्ता दिला, तर औषधाचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. दात काढायला किंवा शस्त्रक्रियेला जाताना ही गोळी घेत असल्याचे तेथे सांगावे, कारण भूल देताना त्याचा विचार करावा लागतो.

बंद करण्याची वेळ आली की, डॉक्टर साधारण चार आठवड्यांत किंवा त्याहून सावकाश मात्रा उतरवत नेतात. त्या काळात झोप उडाली किंवा उदासी परतली, तर मागच्या मात्रेवर परत जाण्याविषयी त्यांच्याशी बोलावे. उरलेल्या गोळ्या पुढे लागतील म्हणून पेटीत ठेवू नयेत आणि उकिरड्यावर, जनावरांच्या तोंडी लागतील अशाही टाकू नयेत. पुढच्या तपासणीला जाताना त्या मोजून दवाखान्यात परत द्याव्यात.